इपॉक्सी ग्राउट: काम पक्कं, पण हात चार हवेत

बाथरूम करायला घेतलं की टाइल निवडण्यात लोकांचा सगळा जीव जातो. सांधे भरायचा माल, म्हणजे ग्राउट, मात्र शेवटच्या दिवशी मिळेल तो आणतात. आमच्याकडे उलटं झालं, कारण जुन्या बाथरूमच्या टाइल धडधाकट होत्या आणि सांधे तेवढे काळे पडून, भुगा होऊन निघाले होते. दादाने पहिल्याच दिवशी जाहीर केलं, "टाइल कोणतीही घे गं, ग्राउट इपॉक्सी." काम घरच्या घरी करायचं होतं. अण्णा, दादा, वहिनी, भाची आणि मी. त्या ग्राउटबद्दलच हे लिहितेय. कंपनीचं नाव देत नाही, कारण बऱ्याचशा गोष्टी कुठल्याही इपॉक्सीला लागू आहेत.

आधी एक गैरसमज काढते, नाहीतर पुढचं सगळं वाया. ग्राउट म्हणजे वॉटरप्रूफिंग नव्हे. डब्यावर कितीही ठळक लिहिलेलं असू दे, पाणी अडवायचं काम टाइलच्या खालच्या थराचं. आम्ही दोन घटकांचं सिमेंट-पॉलिमर कोटिंग दोन हात दिलं, दुसरा हात पहिल्याला आडवा, भिंत आणि जमीन मिळते तिथे जाळीची पट्टी. मग ट्रॅपचं, म्हणजे जमिनीतल्या पाणी जायच्या भोकाचं, तोंड बंद करून चोवीस तास पाणी भरून ठेवलं. अण्णांनी पाण्याच्या पातळीला पेन्सिलीची खूण केली आणि दर थोड्या वेळाने जाऊन बघत बसले. ही चाचणी ज्यांना वेळेचा अपव्यय वाटते त्यांनी इपॉक्सीवर पैसेही घालवू नयेत.

आता माल. साधं सिमेंटचं ग्राउट सच्छिद्र असतं. ते पाणी पितं, पाण्याबरोबर साबणाचा मळ आत जातो आणि बुरशीची सोय होते. इपॉक्सीत रेझिन (चिकट राळ), हार्डनर (तिला घट्ट करणारा) आणि बारीक वाळूसारखा फिलर असे तीन भाग येतात. मिसळताना त्यात पाण्याचा थेंबही घालायचा नाही. हे वाळून घट्ट होत नाही, रासायनिक क्रियेने होतं. म्हणून एकदा कालवलं की घड्याळ सुरू, आणि ते थांबवायचा उपाय नाही. आमच्या डब्यावर वापरायची मुदत पाऊण तास लिहिली होती. हवा गरम असेल तर ती आणखी कमी होते.

इथे एक युक्ती सांगते, जी डब्यावरच्या माहितीत सापडली नाही. कालवलेला माल बादलीत ढीग करून ठेवला की क्रियेची उष्णता आतच कोंडते आणि तो लवकर आवळतो. कालवल्याबरोबर तो फळीवर किंवा टाइलवर पातळ पसरायचा. वहिनीने हात लावून पाहिलं तेव्हा बादलीचा तळ चक्क कोमट होता. त्यानंतर आमच्याकडे बादलीत माल ठेवायला बंदी. निम्मा माल हवा असेल तर तिन्ही भाग वजनकाट्यावर, डब्यावरच्या प्रमाणात मोजून घ्या. अंदाजपंचे घेतलेला हार्डनर म्हणजे कायमचे चिकट राहिलेले सांधे.

भरण्याचं काम सोपं आहे. रबरी फ्लोट (मूठ असलेली सपाट फळी) सांध्याला तिरका धरून दाबत न्यायचा आणि वरचा जादा माल तिरकाच ओढून काढायचा. त्याआधी सांधे रिकामे आणि कोरडे हवेत. टाइल चिकटवताना वर आलेलं अ‍ॅडेझिव्ह ओलं असतानाच खरवडून काढायची शिस्त दादाने सगळ्यांना लावली होती, त्याचा इथे फायदा झाला. टाइल एका पातळीत ठेवायला लावलेल्या लेव्हलिंगच्या क्लिपा सांध्याच्या दिशेने लाथ मारून तोडायचं काम भाचीचं. कामातला एवढाच भाग तिला मनापासून आवडला.

खरी कसोटी पुसण्यात आहे, आणि म्हणूनच मी चार हात म्हणते. एक जण भरत पुढे सरकतो, दुसऱ्याने त्याच्या मागोमाग ओल्या स्क्रब पॅडने गोल गोल फिरवून माल सैल करायचा, मग स्पंज तिरका ओढून उचलायचा. पाणी सतत बदलत राहायचं. हे काम आम्ही असं वाटून घेतलं: दादा भरणार, मी स्क्रब, वहिनी स्पंज, भाची पाणी आणि वेळेचा गजर. अण्णा दारात उभे राहून उरलेल्या डागांकडे बोट दाखवत होते, आणि खरं सांगायचं तर त्यांचीच नजर सगळ्यात कामाची ठरली, कारण उजेडाच्या विरुद्ध कोनातून पाहिल्याशिवाय टाइलवर राहिलेली इपॉक्सीची पातळ साय दिसतच नाही. गुळगुळीत टाइलवरून ती सहज निघते. जमिनीच्या खरखरीत, न घसरणाऱ्या टाइलवर मात्र ती खाचाखाचांत बसते आणि दुसऱ्या दिवशी क्लीनर लावून घासावी लागते. या बाबतीत मी या ग्राउटचे गुण कापले आहेत. तशा टाइलसाठी डब्यावर वेगळी सूचना हवी होती.

हातमोजे नायट्राइलचेच घ्या आणि फाटले की लगेच बदला. इपॉक्सीची त्वचेला एकदा अ‍ॅलर्जी जडली की ती सहसा आयुष्यभर राहते. "पाच मिनिटांचं तर काम आहे" म्हणणाऱ्या मंडळींना हे दोनदा सांगा. आमच्याकडे अण्णांना सांगावं लागलं.

किती लागेल याचा तक्ता डब्यावर बारीक अक्षरात आणि फक्त मोठ्या टाइलसाठी होता. हिशेब स्वतःच करा. टाइलची लांबी आणि रुंदी यांची बेरीज भागिले त्यांचा गुणाकार, गुणिले सांध्याची रुंदी, गुणिले टाइलची जाडी, गुणिले साधारण १.६ (मालाची घनता). सगळी मापं मिलिमीटरमध्ये घेतली की उत्तर किलो प्रति चौरस मीटर येतं. ३०० बाय ३०० ची, ८ मिमी जाडीची टाइल आणि ३ मिमी सांधा धरला तर सुमारे पाव किलो. तीच टाइल ६०० बाय ६०० ची असेल तर त्याच्या निम्मं. मोझेकच्या २५ मिमी तुकड्यांना, जाडी ४ मिमी धरली तरी, दीड किलोच्या आसपास. मोझेकचा हट्ट असेल तर हे आकडे बघून घ्या.

पांढरा रंग आम्ही टाळला. फिकट इपॉक्सी उन्हाच्या उजेडात पिवळं पडू शकतं, आणि आमची खिडकी मोठी आहे. राखाडी घेतला, तो छान दिसतोय. भिंत आणि जमीन यांच्या कोपऱ्यात मात्र कुठलंच ग्राउट भरू नका. तिथे दोन पृष्ठभाग वेगवेगळे हलतात, इपॉक्सी ताठ असतं, चीर पडणारच. तिथे न्यूट्रल सिलिकॉन, म्हणजे आंबट वास न येणारा लवचिक सीलंट.

सगळं बाथरूम इपॉक्सीने भरण्यात अर्थ आहे का? माझ्या मते नाही. जमीन आणि शॉवरखालच्या भिंती, एवढंच. बाकीच्या वरच्या भिंतींना पॉलिमर मिसळलेलं सिमेंट ग्राउट पुरतं, आणि ते एकट्याने निवांत भरता येतं. आम्ही तसंच केलं, नजरेला फरक कळत नाही. एकट्याने काम करणाऱ्याला मी इपॉक्सी सुचवणार नाही. घरात दुसरं बाथरूम नसेल तरीही आधी विचार करा, कारण दुसऱ्या दिवशी वर चालता येत असलं तरी आमच्या मालाला भरपूर पाणी सोसायला काही दिवस द्यावे लागले.

आणि एक गोष्ट विकणारे सांगत नाहीत. सिमेंटचा सांधा उद्या उकरायची वेळ आली तर हातातल्या खरवडणीने निघतो. इपॉक्सीला डायमंड किंवा कार्बाइड पातं लावलेलं मल्टिटूल लागतं आणि टाइलची कड उडण्याची भीती राहते. म्हणून ट्रॅपच्या जाळीभोवतीचा सांधा आम्ही सिलिकॉनचाच ठेवला. तुंबलं तर तेवढाच कापून उघडता येईल.