घडीच्या चाकूची पारख मिटताना

घडीचा चाकू हातात आला की बहुतेक जण तो उघडून पाहतात आणि पाते झटकन बाहेर आले की चाकू उत्तम, असा निर्वाळा देऊन मोकळे होतात. माझ्या मते चाकूची पारख तो मिटताना करावी. उघडताना अंगठ्याचा जोर आणि पात्याचे वजन पुष्कळ दोष झाकून टाकतात. मिटताना मात्र धार बोटांच्या दिशेने येत असते, त्यामुळे हात आपोआप सावध आणि संथ होतो, आणि त्या संथपणात खरखर, अडखळणे, पात्याचे किंचित डुलणे हे सगळे बोटांना स्पष्ट कळते. मी नेहमी वापरत असलेल्या तीन चाकूंबद्दल याच एका कसोटीवर लिहीत आहे.

पहिला व्हिक्टोरिनॉक्स या स्विस कंपनीचा 91 मिलिमीटर लांबीचा स्पार्टन. याला लॉक, म्हणजे उघडे पाते अडवून ठेवणारी कळ, नाही. पाते उघडे असो वा मिटलेले, त्याला जागेवर धरून ठेवते ती पाठीची पोलादी स्प्रिंग. पाते फिरू लागले की त्याचे बूड स्प्रिंगला थोडेसे वर उचलते, मधल्या टप्प्यात विरोध जाणवतो, आणि शेवटच्या टप्प्यात स्प्रिंगच पात्याला आत ओढून घेते व ‘टक्’ असा नेटका आवाज होतो. कंपनीचे संस्थापक कार्ल एल्सनर यांनी 1897 मध्ये नोंदवलेल्या अधिकाऱ्यांच्या चाकूत एकाच स्प्रिंगवर दोन्ही बाजूंची हत्यारे पेलण्याची जी युक्ती होती, तीच आजही येथे काम करते. मला याचा विरोध अगदी योग्य वाटतो, कारण पाते कुठेही अर्ध्यावर सोडले तरी ते बेवारशासारखे लोंबत नाही. बाटली उघडण्याचे हत्यार तर 90 अंशांवर एकदा ठाम थांबते. असा थांबा मोठ्या पात्यालाही असता तर बोटे बाजूला घ्यायला उसंत मिळाली असती, असे मला नेहमी वाटते. उणीव एवढीच की पाते नखाने ओढावे लागते आणि नखांत जोर नसेल तर ते जिकिरीचे होते. चाकू रिव्हेटने जोडलेला असल्यामुळे ताण कमी-जास्त करण्याची सोय नाही. पाते जड चालू लागले तर चाकू कोमट पाण्यात धरून काही वेळा उघडझाप करावी, नीट वाळवावा आणि सांध्यात तेलाचा एक थेंब सोडावा, तेवढे पुरते.

दुसरा ओपिनेलचा आठ क्रमांकाचा, 8.5 सेंटिमीटर पात्याचा. फ्रान्समधील साव्वा भागात 1890 मध्ये जोसेफ ओपिनेल यांनी सुरू केलेल्या या चाकूला स्प्रिंगच नाही. पाते लाकडी मुठीच्या चिरेत घर्षणावर टिकते आणि 1955 पासून फिरती पोलादी कडी त्याला उघड्या अवस्थेत अडवून ठेवते. मिटताना हात फिरतो तो लाकडाच्या मऊ, एकसारख्या घर्षणावर, आणि हा अनुभव मला फार आवडतो. पण लाकूड ते लाकूड: ओल लागली की मूठ फुगते आणि पाते घट्ट बसते. त्यावर जुना उपाय असा, की कडी मोकळी करून मुठीचे मागचे टोक टेबलावर ठोकायचे. पात्याचे टोक वर येते आणि ते चिमटीत धरता येते.

तिसरा लायनर लॉकचा, म्हणजे मुठीच्या आतली धातूची पट्टी उघड्या पात्यामागे अडकून त्याला धरते असा, आणि बारीक गोळ्यांच्या बेअरिंगवर फिरणारा चाकू आहे, आणि मला सर्वांत जास्त शिकवले ते यानेच. नवा असताना तो बोटाच्या हलक्या दाबाने उघडे. लॉकची पट्टी अंगठ्याने बाजूला सारली की पाते स्वतःच्या वजनाने खाली येई, थेट त्याच अंगठ्यावर. हा गुळगुळीतपणा नव्हे, हा सैलपणा आहे. ज्या पात्यावर मिटताना हाताचा ताबा राहत नाही, ते कितीही अलगद फिरले तरी मी त्याला चांगले म्हणणार नाही. दोन महिन्यांत त्याला खरखर सुटली. सहा टोकांच्या पान्याने मधला स्क्रू काढून पाहिले तेव्हा बारीक गोळ्यांभोवती खिशातल्या कापसाचे तंतू तेलात भिजून चिकटलेले दिसले, आणि पात्याच्या बुडावर एक अर्धवर्तुळाकार पुसट रेघ उमटलेली होती. लॉकच्या पट्टीत बसवलेली एक इवलीशी गोळी पाते मिटलेले असताना बुडावरच्या छिद्रात बसून त्याला धरून ठेवते आणि एरवी बुडावरून घासत जाते. ती रेघ तिचीच. छिद्राच्या काठावर नखाला टोचणारे धातूचे कुसळ होते. अडखळण्याचे खरे कारण ते होते, आणि मी मात्र आठवडाभर तेलावर तेल सोडत राहिलो होतो. बारीक पॉलिश कागदाने कुसळ घालवले, गोळ्या स्पिरिटने धुतल्या आणि तेलाचा एकच थेंब दिला. स्क्रू घट्ट केला तर पाते जखडे, सैल केला तर डुले. एकअष्टमांश फेऱ्याच्या आतबाहेर ती जागा सापडायला एक संध्याकाळ गेली. आता पाते अंगठ्यावर कोसळत नाही, बोटाच्या मागे मागे येते. मात्र स्क्रू अधूनमधून सैल होतो, म्हणून त्याच्या आट्यांना न सुटणाऱ्या चिकट द्रावाचा थेंब लावावा लागला.

बेअरिंगच्या जागी फॉस्फर ब्राँझ या मिश्रधातूचे वॉशर, म्हणजे चपट्या चकत्या, असलेले चाकू सुरुवातीला जड वाटतात, परंतु वापराने पृष्ठभाग एकमेकांवर घासून तुळतुळीत होतात आणि धुळीचा त्यांना तितका त्रास होत नाही. मुठीच्या चौकटीचाच भाग पात्यामागे अडकतो असे फ्रेम लॉक रूढ करणारे चाकू-कारागीर ख्रिस रीव्ह यांच्या सेबेन्झा चाकूतही असेच वॉशर आहेत, याचे मला आता नवल वाटत नाही. कोणाला पहिला घडीचा चाकू द्यायचा झाला तर मी स्पार्टन देईन. ज्याच्या नखांत जोर नाही, त्याला ओपिनेल द्यावा, पण मुठीला ओल लागू न देण्याची ताकीद देऊन.