तीन बॉलचं स्पायरोमीटर: आठ महिने वापरल्यावर

मागच्या श्रावणात न्यूमोनियातून उठलो, तेव्हा डॉक्टरांनी फुफ्फुसांच्या व्यायामाचं हे यंत्र लिहून दिलं: तीन नळ्या, प्रत्येकीत एक बॉल, आणि तोंडात धरायला पाइप. मेडिकलमध्ये तीनशेच्या आत मिळालं. पहिले चार दिवस मी त्यात फुंकतच होतो आणि बॉल हलत नाही म्हणून दुकानदारावर चिडत होतो. शेवटी बायकोने खोक्यातला कागद वाचला. "अहो, ओढायचंय, फुंकायचं नाही."

तिन्ही नळ्यांवर 600, 900, 1200 असे आकडे आहेत. सेकंदाला तेवढे सीसी हवा आत ओढली की तो तो बॉल वर जातो. माझा दुसरा बॉल अर्ध्यावर लटपटायचा आणि बसायचा. महिनाभर तेच. एक दिवस पाहुण्यांनी सोफा अडवला, म्हणून स्वयंपाकघरातल्या लाकडी खुर्चीवर बसून ओढलं, तर दुसरा बॉल टक्कन वर आणि तिसराही जागचा हलला! पाहुणे गेल्यावर सोफ्यात रुतून पुन्हा करून पाहिलं. पुन्हा लटपट.

पुढच्या खेपेला डॉक्टरांनी माझाच हात माझ्या पोटावर ठेवून समजावलं. श्वास घेताना छातीखालचा पडदा खाली उतरतो आणि पोट पुढे येतं. पोक काढून बसलं की फासळ्या खाली येतात, पोट दबतं, पडदा उतरणार कुठे? उताणं झोपलं तर पोटातला ऐवज त्याच पडद्यावर रेलतो. आजारपणात मला तीन उशा का लागायच्या, ते तेव्हा कळलं. मात्र कवायतीसारखी छाती काढून बसलो तर खांदेच आवळतात. पाऊल जमिनीला टेकलेलं आणि पोट सैल, एवढं पुरतं. मध्ये हौसेने पाठ ताठ ठेवायचा पट्टाही आणला होता. तो छातीलाच करकचून बसला. आता माळ्यावर आहे.

तक्रारी आहेतच. पाइप वरचेवर निसटतो. तोंडातली वाफ धरली की बॉल चिकटतो, मग धुऊन वाळवत बसा. आणि हे यंत्र फसतं. हिसका मारून ओढलं की तिन्ही बॉल उडतात, फुफ्फुसं मात्र भरत नाहीत, कारण ते हवेचा वेग दाखवतं, किती भरली ते नाही. दोनच बॉल तीन सेकंद वर धरून दाखवा, मग बोलू. लागोपाठ जास्त ओढू नका, गरगरतं.

लाकडी खुर्ची आता माझ्या नावावर झाली आहे. बायको भाजी निवडायला सोफ्यावर बसते, पोक काढून.