कराडच्या धावपट्टीच्या नावाखाली विकलेलं भलतंच गाव

घरच्या संगणकावर एक्स-प्लेन १२ या सिम्युलेटरमध्ये (विमान उडवण्याचा खेळ) विमानं उडवणाऱ्या आपल्या मंडळींना गंडा घालण्याचा एक प्रकार सध्या चालू आहे. मी त्यात पैसे गमावले, म्हणून सगळं सविस्तर लिहितोय.

मला कराडची धावपट्टी हवी होती. वारुंजी-मुंढ्याजवळची, कोयना प्रकल्पाच्या काळात बांधलेली ती छोटी पट्टी. सिम्युलेटरमध्ये मोठी विमानतळं झकास असतात, पण अशा गावाकडच्या पट्ट्या म्हणजे नुसता डांबराचा तुकडा. भोवती उसाचे फड नाहीत, बांधावरच्या बाभळी नाहीत, आगाशिवचा डोंगरही धड ओळखू येत नाही. कराडकराला ते बघून चैन पडणं शक्य नाही.

एका मेसेजिंग ग्रुपवर एक जण 'महाराष्ट्रातल्या कुठल्याही धावपट्टीची हुबेहूब सीनरी', म्हणजे सिम्युलेटरमध्ये दिसणारी पट्टी आणि भोवतालचा परिसर, करून देत होता. भाव ४,५०० रुपये, निम्मे विसार म्हणून आधी. माणूस गोड बोलायचा. "सर, तुमच्या गावाचं काम आहे, जीव ओतून करतो." अधूनमधून चित्रं पाठवायचा. प्रत्येक चित्रात पुढे सेसना १७२ हे छोटं विमान, मागे धुकट झाडं, संध्याकाळचा सोनेरी उजेड. दिसायला फार सुंदर. उरलेले पैसे मिळाल्याशिवाय फाईल देणार नाही म्हणाला, तेही दिले.

फाईल आली, मी ती कस्टम सीनरीच्या फोल्डरमध्ये टाकली आणि विमान पट्टीच्या टोकावर उभं केलं. डांबरावर आकडा होता १०. कराडची पट्टी १०/२८ अशीच आहे. हे आकडे म्हणजे पट्टीच्या दोन टोकांच्या दिशा, अंशांना दहाने भागून; म्हणजे १० वर विमानाचं नाक साधारण १०० अंशांकडे हवं. दिशादर्शक दाखवत होता ०३०. आकडे कराडचे, पट्टी भलत्याच दिशेला पडलेली! लांबीही कराडच्या जवळपास १,२८० मीटरच्या निम्मी भरेना. कडेला गवताच्या मोठमोठ्या गोल गुंडाळ्या पडल्या होत्या. आपल्याकडे कडब्याची गंजी असते, उसाचं पाचट असतं. त्या गुंडाळ्या युरोपातल्या शेतातल्या. शेतांना कुंपणंही तिकडच्यासारखीच, कातरलेल्या झुडपांची.

मग मी पॅकेज वर्ल्डएडिटरमध्ये उघडलं. हे साधन एक्स-प्लेन बनवणारी लॅमिनार रिसर्च फुकट देते आणि त्यात सीनरीच्या सगळ्या घटकांची यादी बाजूला दिसते. सगळ्यात वर विमानतळाचं नाव 'कराड', खालच्या गटांची नावं मात्र इंग्लंडमधल्या मूळ कर्त्याने ठेवलेली तशीच: ओकची झाडं, गोठा, चर्चकडची वाट. कुणाची तरी तिकडची गवताळ पट्टी उचलून कराडच्या अक्षांश-रेखांशावर आणून टाकली होती, वरचं गवत काढून डांबर लावलं होतं आणि आकडे बदलले होते. फिरवायचेही कष्ट घेतले नव्हते. एका आतल्या फोल्डरमध्ये मूळ कर्त्याची टीप राहून गेली होती: हे काम मोफत आहे, विकू नये. मी त्या गृहस्थांना ईमेल केला. त्यांना यातलं काहीच ठाऊक नव्हतं. लोकांसाठी फुकट ठेवलेल्या मेहनतीवर कुणीतरी दुकान थाटलंय, याचा मला पैशांपेक्षा जास्त संताप आला.

विक्रेत्याला जाब विचारला तर म्हणाला, "जुनी फाईल गेली सर, नवीन पाठवतो." नवीन म्हणून आली एक ईएक्सई फाईल, म्हणजे उघडली की संगणकावर चालू होणारा प्रोग्राम. वर सूचना: चालवण्याआधी अँटीव्हायरस बंद करा. मी ती चालवली नाही. एक्स-प्लेनची सीनरी म्हणजे फोल्डर असतो, तो नुसता जागेवर ठेवायचा. एखादी सीनरी अँटीव्हायरस बंद करायला लावत असेल तर तिथेच थांबा. पैसे परत मागितल्यावर त्याने क्यूआर कोड धाडला, "स्कॅन करून पिन टाका, रिफंड जमा होईल." पिन लागतो तो पैसे द्यायला, घ्यायला कधीच लागत नाही. मी नकार दिला आणि त्याने मला ब्लॉक केलं.

पैसे देण्याआधी या गोष्टी मागा. सीनरीतली एपीटी डॉट डॅट ही विमानतळाची माहिती असलेली साधी मजकुराची फाईल आहे, नोटपॅडमध्ये उघडते. १०० या आकड्याने सुरू होणारी ओळ धावपट्टीची. तिच्यात रुंदी, पृष्ठभाग आणि दोन्ही टोकांचे अक्षांश-रेखांश असतात. ते उपग्रह नकाशावर टाकून बघा. चित्रांवर समाधान मानू नका; त्याच पट्टीवरून उड्डाण करून एक चक्कर मारल्याचा सलग व्हिडिओ मागा, ज्यात दिशादर्शकही दिसेल आणि ओळखीचा डोंगरही.

माझ्या मते सगळ्यात मोठी खूण वेगळीच आहे. खरं काम करणारा प्रश्न विचारून भंडावून सोडतो. हँगरच्या पत्र्याचा रंग कुठला, कुंपण तारेचं की भिंतीचं, वाऱ्याची दिशा दाखवणारा मोजा कुठल्या बाजूला, फोटो आहेत का? या माणसाने मला कराडबद्दल एकही प्रश्न विचारला नव्हता.

पैसे गेले असतील तर लगेच १९३० या सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनवर फोन करा, किंवा सायबरक्राईम डॉट जीओव्ही डॉट इन वर तक्रार नोंदवा. जितकं लवकर कळवाल तितकी रक्कम पुढच्या खात्यात अडवली जाण्याची शक्यता जास्त. यूपीआयचा १२ अंकी व्यवहार क्रमांक, समोरच्याचा यूपीआय आयडी आणि सगळं संभाषण जपून ठेवा. ब्लॉक झाल्यावर ग्रुपवरचे मेसेज तो पुसून टाकतो. माझी तक्रार नोंदवलेली आहे, पैसे अजून मिळालेले नाहीत. तीच सोनेरी उजेडातली चित्रं आता धुळ्याची धावपट्टी म्हणून फिरताहेत. कुणाकडे आली असतील तर विसार देऊ नका, आणि आधीच दिला असेल तर तुमचीही तक्रार नोंदवा.