पूर्वज अडतीस किलोमीटरवर, बिल तीनशेचे

साताऱ्यातून दिवसभरासाठी चालकासह गाडी भाड्याने घेणाऱ्यांनी एक नियम आधी समजून घ्यावा. आमच्या एजन्सीच्या हिशेबात गाडी कितीही कमी धावली तरी बिल किमान ३०० किलोमीटरचे होते, चालकाचा भत्ता, टोल आणि पार्किंग त्याखेरीज लागतात आणि मीटर आपल्या दारातून नव्हे तर एजन्सीच्या गॅरेजमधून सुरू होऊन गॅरेजमध्येच बंद होतो. हे सारे मला फोनवर नीट सांगितले गेले होते, त्यामुळे या बाबतीत माझी तक्रार एजन्सीविरुद्ध नसून आमच्या पूर्वजांविरुद्ध आहे. तीन पिढ्या ज्याच्या आठवणीने घरातील वडीलधारी मंडळी डोळे पुसत आली, ते आमचे मूळ गाव साताऱ्यापासून जेमतेम ३८ किलोमीटरवर निघाले.

गाडीत ७९ वर्षांचे बाबा, त्यांची धाकटी बहीण म्हणजे आमची आत्या, माझी मुलगी आणि मी असे चौघे होतो. दर किलोमीटरला १४ रुपये, म्हणजे ४,२०० रुपये आणि भत्त्याचे ४०० असे ठरले होते. सकाळी सातची वेळ दिलेली गाडी सात चाळीसला आली. ती धुऊन आणलेली होती, पण पायाखालची मॅट ओली असल्याने आत्यांनी अर्धा प्रवास मांडी घालून केला. मागच्या एसीचा आवाज येत होता, हवा येत नव्हती. एजन्सीविषयी एवढेच. या दिवसाचे पैसे कशाने वसूल झाले असतील, तर ते चालकाने.

साठीकडे झुकलेले, पांढऱ्या टोपीतले हे गृहस्थ पहिल्या दहा मिनिटांतच आमचे ‘मामा’ झाले. किलोमीटर हाताशी भरपूर आहेत म्हणून बाबांनी आधी गाडी उलट दिशेला, लिंब गावच्या बारा मोटेच्या विहिरीकडे घ्यायला लावली. वीरूबाई भोसले यांनी १७१९ ते १७२४ या काळात बांधलेल्या या विहिरीच्या पोटात चक्क एक छोटा महाल आहे आणि ती मूळची आमराईच्या पाण्यासाठी बांधलेली असल्याचे सांगतात. आमच्या घरात मात्र असे सांगतात की, या बांधकामावर आमच्या कुळातील कोणीतरी देखरेखीला होते. बाबांनी चष्मा पुसून शिलालेखात आडनाव शोधले. ते मिळाले नाही. मामा शांतपणे म्हणाले, “नाव बांधणाऱ्याचं असतंय अण्णा, पाणी शेंदणाऱ्याचं कुठं लिवत्यात?” बाबा परतीच्या पायऱ्या एरवीपेक्षा भरभर चढले.

तिथून महामार्गाने दक्षिणेला येऊन, उंब्रजच्या अलीकडे आत वळून आम्ही गावात पोहोचलो. घरच्या आख्यायिकेत तिथे आमचा चौसोपी वाडा होता. प्रत्यक्षात गुडघाभर उंचीचा दगडी जोत्याचा एक कोपरा, त्यावर पेरूचे झाड आणि झाडाला बांधलेली एक शेळी एवढे शिल्लक होते. बाबा जोत्यावर हात ठेवून गहिवरण्याच्या बेतात असताना शेजारच्या घरातून एक आजोबा बाहेर आले आणि त्यांनी विचारले, “कुणाचं म्हणायचं तुम्ही?” बाबांनी आजोबा-पणजोबांची नावे सांगितली. ती ऐकताच त्या आजोबांचा चेहरा ओळखीने उजळायच्या ऐवजी काळजीने बारीक झाला. पाचच मिनिटांत ओसरीवर आठ-दहा भाऊबंद जमले. चहा आला, पण तो न बोलता आला.

शहरातून अचानक उगवलेला नातेवाईक सातबाऱ्याला नाव लावायलाच आलेला असतो, ही गावाची समजूत अनुभवातून आलेली आहे. त्या उताऱ्यावर आधीच २३ नावे होती, हे आम्हाला न विचारता दोनदा सांगण्यात आले. बाबा मोठ्या उत्साहाने वंशावळीचा कागद उघडू लागले, तेव्हा तर एक तरुण उठून कोणाला तरी फोन लावायला गेला. एवढ्यात गाडीपाशी उभे असलेले मामा ओसरीवर आले, टोपी सारखी केली आणि म्हणाले, “ही माणसं देवाला आल्यात, वाटणीला न्हाई. पालीला निघाल्यात. वाटेत थोरल्यांची जागा बघायची म्हणून थांबल्यात.” मग त्यांनी बाबांच्या हातातला कागद अलगद घडी करून परत खिशात घातला.

ओसरीवरची हवा तिथेच बदलली. आतून भाकरी, खर्डा आणि आमटी आली. आजोबांनी बाबांचे नाक जवळून न्याहाळले आणि ते घराण्याचेच असल्याचा निर्वाळा दिला. निघताना आत्यांची खणानारळाने ओटी भरली गेली आणि माझ्या मुलीच्या हातात त्याच वादग्रस्त झाडाचे चार पेरू पडले. जीपीएस असलेल्या कोणत्याही गाडीने आम्हाला त्या जोत्यापर्यंत नेले असते. ओसरीवरून जेवून उठवले ते मामांनी.

तारळी नदीकाठच्या पालच्या खंडोबाला आम्ही दुपारी पोहोचलो. खंडोबा आणि म्हाळसेच्या लग्नाची इथली यात्रा पौषात भरते; एरवी देऊळ निवांत असते आणि दर्शन मनासारखे होते. भंडारा अंगावर घेऊन पिवळे झालेले बाबा मात्र हिशेब विसरले नव्हते. पुढे कराडला, प्रीतिसंगमावर कृष्णा आणि कोयना समोरासमोर येऊन भेटतात तिथे, यशवंतराव चव्हाणांच्या समाधीपुढे हात जोडून झाल्यावर त्यांनी मामांना मीटर विचारला. साताऱ्यापर्यंतचा परतीचा रस्ता धरला तरी एकूण १७१ किलोमीटर होत होते. “म्हणजे १२९ वाया. कोल्हापूर करून आलो तर बसतं की,” बाबा म्हणाले. आत्यांनी बाबांकडे असे पाहिले की कोल्हापूरचा विषय संगमातच विसर्जित झाला.

साताऱ्यात उतरल्यावर मामांनी आम्हाला कंदी पेढ्यांच्या दुकानापाशी थांबवले, पण स्वतः दुकानात आले नाहीत. चालकाला कमिशन मिळते अशी शंका गिऱ्हाईकाला येऊ नये म्हणून, असे त्यांनीच सांगितले. रात्री मोबाईलवर आलेल्या बिलात न झालेल्या रात्रमुक्कामाचे ३०० रुपये लावलेले होते. फोन केल्यावर ते काढले गेले, मात्र तीन फोनांनंतर.

गाडीला दोन तारे, एजन्सीला अडीच आणि मामांना पाच. याच एजन्सीकडे पुन्हा जायचे, पण चालक आधी ठरवून, असे घरात पक्के झाले आहे, कारण पौषातल्या यात्रेला ओसरीवरच्या मंडळींनी जेवायला बोलावले आहे. बाबांनी सकाळीच कोल्हापूर, जोतिबा आणि पाल यांची अंतरे एका कागदावर मांडली. बेरीज ३४० भरल्याने सध्या ते चिंतेत आहेत.