टायटॅनियमची रोड बाइक : चार पावसाळ्यांनंतर

अमेरिकेत टेनेसी राज्यातल्या चॅटनूगा शहरात हाताने बनलेली लिन्स्कीची टायटॅनियम फ्रेम मी चार वर्षे पुण्याच्या रस्त्यांवर चालवतो आहे. १९८६ साली लाइटस्पीड ही टायटॅनियम सायकलींची कंपनी सुरू करणाऱ्या लिन्स्की कुटुंबाचीच ही पुढची कंपनी आहे. फ्रेमच्या सांध्यांवरची माशाच्या खवल्यांसारखी एकसारखी, चंदेरी वेल्ड पाहिली की ती आरगॉन वायूच्या आवरणात किती जपून केली असेल, ते कळते. हवा लागली असती तर तिथे निळसर किंवा पांढुरकी झाक उमटली असती.

वेगासाठी मात्र ही सायकल घेऊ नये. शर्यतीची कार्बन फ्रेम एक किलोच्या आत बसते, तर टायटॅनियमची साधारण दीड किलोची असते, आणि सिंहगडाच्या चढावर माझ्या वेळेत काहीच फरक पडलेला नाही. उभे राहून जोर लावला की बॉटम ब्रॅकेटपाशी (पेडलचा आस बसतो तिथे) फ्रेम किंचित लवते, कारण या धातूचा ताठपणा पोलादाच्या जवळपास निम्मा आहे. म्हणूनच नळ्या मोठ्या व्यासाच्या घ्याव्या लागतात. सुख आहे ते लांबच्या पल्ल्यात. भोरकडून वरंधा घाटात उतरताना उखडलेल्या डांबराची बारीक थरथर मनगटापर्यंत पोहोचते, पण तिची धार गेलेली असते. त्यातला मोठा वाटा २८ मिलिमीटरच्या टायरचा आणि कमी ठेवलेल्या हवेचा आहे, हे मान्य केलेच पाहिजे. तरीही त्याच चाकांवर माझी जुनी ॲल्युमिनियमची सायकल पाच तासांनी पाठ धरायला लावत असे, तसे इथे होत नाही.

घाम, चिखल आणि कोकणातली खारी हवा यांचा फ्रेमवर काहीही परिणाम झालेला नाही. फ्रेम गंजत नाही म्हणून बाकीच्या भागांकडे दुर्लक्ष करू नये, हे मात्र मी महागात शिकलो. एका दुकानात सर्व्हिसिंग करताना ॲल्युमिनियमचा सीटपोस्ट (सीटखालचा दांडा) कोरडाच बसवला गेला. टायटॅनियमला लागून असलेले ॲल्युमिनियम पाण्याच्या सान्निध्यात झिजते आणि त्याची पांढरी भुकटी फटीत फुगून बसते. एका पावसाळ्यानंतर सीटपोस्ट जागचा हलेना. दोन दिवस भेदक तेल सोडून, थोडा थोडा पिळत तो बाहेर काढावा लागला. फ्रेमला इजा झाली नाही, सीटपोस्ट मात्र टाकून द्यावा लागला. आता प्रत्येक धातूच्या जोडाला आणि आट्याला मी स्वतः अँटी-सीझ (भाग एकमेकांत अडकू न देणारे वंगण) लावतो, आणि दर सहा महिन्यांनी सीटपोस्ट उपसून पुसतो.

रंग नसल्यामुळे फ्रेमला पोपडे निघण्याचा प्रश्नच येत नाही. गेल्या महिन्यात सोसायटीच्या जाळीला घासून वरच्या नळीवर बोटभर ओरखडा उठला होता. स्कॉच-ब्राइटने मूळ घासणीच्या दिशेने पाच मिनिटे हलक्या हाताने चोळल्यावर तो कुठे होता, ते आता शोधूनही सापडत नाही.