नऊ महिने वजनकाट्यासोबत: कप, वाटी आणि ‘मावेल तेवढा’ मैदा

मागच्या दिवाळीच्या तोंडावर नाशिकच्या भांडीबाजारातून स्वयंपाकघरातला डिजिटल वजनकाटा आणला. पाच किलोपर्यंतचा, एकेक ग्रॅम दाखवणारा, पेन्सिल सेलवर चालणारा. एकाच रेसिपीचा केक एकदा लुसलुशीत व्हायचा, पुढच्या खेपेला वीट. ओव्हनला नावं ठेवून झाली, बेकिंग पावडर बदलून झाली, मग काटा घेतला.

चोर पहिल्याच आठवड्यात सापडला. मैद्याच्या डब्यात कप खुपसून भरला, वरून सुरी फिरवली, तर भरला १५१ ग्रॅम. तोच मैदा चाळून चमच्याचमच्याने घातला तर ११९. कप तोच, हातही माझाच! दोन कपांच्या केकमध्ये ६४ ग्रॅम मैदा जास्त पडत होता, म्हणजे अर्ध्या कपाहूनही जास्त. अमेरिकन रेसिपीत कपभर मैदा साधारण १२० ते १२५ ग्रॅम धरतात. मी वर्षभर मैदा ठासत होते आणि दोष ओव्हनला देत होते.

कपांचं तरी कुठे एकमत आहे? अमेरिकन कप सुमारे २३७ मिली, ऑस्ट्रेलियन २५०. त्यांचा मोठा चमचाही २० मिलीचा, इतरांचा १५चा. लोण्याची ‘एक स्टिक’ म्हणजे ११३ ग्रॅम, आणि मी आपलं १०० ग्रॅमचं पाकीट सोलून मोकळी व्हायचे. आता कपाटाच्या दाराला आतून कागद चिकटवलाय: कपभर साखर २००, लोणी २२७, मध ३४०, पिठीसाखर ११५ ते १२०. रवा मात्र कागदावर नाही, कारण बारीक आणि जाड रव्याचे आकडे माझ्याकडे दर वेळी वेगळे आले. तो थेट वजनानेच घेते.

सगळ्यात कामाचं बटण शून्य करण्याचं. पातेलं ठेवायचं, शून्य, मैदा, परत शून्य, साखर. मोजायची भांडी घासायला पडत नाहीत, यासाठीच अर्धे पैसे वसूल.

‘मिली’चं बटण मात्र निव्वळ फसवणूक. काट्याला फक्त वजन कळतं, तो ग्रॅमचेच आकडे मिली म्हणून दाखवतो. पाण्याला चालतं, दुधालाही बऱ्यापैकी. तेल पाण्याहून हलकं, त्यामुळे मोजपात्राने २४० मिली तेल घेऊन ठेवलं तर काटा म्हणतो २२०. त्याचं ऐकून मी २४० आकडा येईपर्यंत तेल ओतलं होतं. गाजराचा केक होता, खाल्ल्यावर बोटं साबणाने धुवावी लागली.

दुसरी तक्रार, सोड्याची. चमचाभर सोडा पाचेक ग्रॅम, पाव चमचा म्हणजे जेमतेम सव्वा ग्रॅम. तिथे हा काटा कधी १ दाखवतो, कधी २, कधी ढिम्म हलत नाही. सोडा, बेकिंग पावडर, वेलची चमच्यानेच घ्या. शिवाय दोनेक मिनिटं हात लावला नाही की काटा झोपतो आणि जागा झाला की आधीचं विसरलेला असतो. अंडी फेटत बसलात तर आकडा आधी लिहून ठेवा.

सासूबाईंना हे सगळं थेर वाटायचं. त्यांची नानकटाई म्हणजे फुलपात्रभर तूप, फुलपात्रभर पिठीसाखर आणि मैदा ‘मावेल तेवढा’. आता हे ग्रॅममध्ये कसं आणायचं? शेवटी मैद्याचा डबाच काट्यावर ठेवला आणि शून्य केलं. त्या मूठमूठ घेत गेल्या, काटा उणे दाखवत गेला. तूप १८२, साखर १०६, गोळा जमला तेव्हा काट्यावर उणे २६४. वहीत लिहून टाकलं.

मे महिन्यात मी एकटीने तेच आकडे धरून केल्या, तर ट्रेमध्ये सगळ्या पसरून एकमेकींना चिकटल्या. अहो आईंनी येऊन पाहिलं, तुपाच्या बरणीत बोट बुडवलं. तूप पाण्यासारखं पातळ झालेलं. “थंडीत रवाळ तूप होतं गं,” त्या म्हणाल्या, “आधी ते घट्ट करून फेसायचं असतं. तुझ्या काट्याने सांगितलं नाही वाटतं?”

वहीत २६४च्या पुढे आता ‘तूप घट्ट’ असंही लिहिलंय.