डक्ट सफाईला नऊ महिने झाले, आता लिहिते

सफाई झाल्या दिवशी रिव्ह्यू लिहायचा नाही, असं या वेळी ठरवलं होतं. त्याआधीच्या सर्व्हिसला मी त्याच संध्याकाळी पाच तारे देऊन टाकले होते आणि तीन आठवड्यांत त्याचा पश्चात्ताप झाला. डक्टचं काम त्या दिवशी दिसतच नाही. ग्रील चकाचक होतात, घरभर कसलासा सुगंध असतो, माणसं सामान आवरून निघून जातात. आत खरंच काय झालं ते पुढचे महिने सांगतात, म्हणून नऊ महिने थांबले.

आमच्या घरी डक्टवाला सेंट्रल एसी आहे, म्हणजे एकाच मशीनची गार हवा फॉल्स सीलिंगच्या वरच्या नळांमधून, म्हणजे डक्टमधून, सगळ्या खोल्यांत जाते. हवा खेचणारं मोठं रिटर्न ग्रील एक, खोल्यांत हवा सोडणारी, म्हणजे सप्लायची, सात. आईला दमा आहे. एसी सुरू केला की पहिली पाच मिनिटं कुबट वास यायचा आणि झाडून-पुसून घेतलं तरी दुसऱ्या दिवशी टेबलावर धुळीचा थर असायचा. त्यामुळे डक्ट साफ करून घ्यायचे हे डोक्यात पक्कं बसलं होतं.

पहिल्या सर्व्हिसने फोनवरच रक्कम सांगितली. ग्रील किती, डक्ट पत्र्याचे की फ्लेक्सचे (म्हणजे वाकणाऱ्या, लवचिक नळीचे), काहीही न विचारता. आले ते एक साधा व्हॅक्यूम घेऊन. प्रत्येक ग्रील काढून नळी हात जाईल तेवढी आत घातली, पाऊण तासात सगळं संपलं. मग मोबाइलवर काळ्या डागांचा फोटो दाखवून म्हणाले, ही बुरशी आहे, आजच औषध फवारून घ्या, त्याचे वेगळे पैसे होतील. फोटो आमच्याच डक्टचा आहे का, हे कळायला काही मार्ग नव्हता. आईच्या दम्यामुळे मी फवारणीला ठाम नकार दिला. त्या दिवशी तेवढं एक बरं केलं. या धंद्यात अशा वरवरच्या कामाला 'ब्लो अँड गो' म्हणतात, हे मला नंतर समजलं.

तीन आठवड्यांत वास परतला, धूळ तर गेलीच नव्हती. मग शांतपणे वाचायला बसले. अमेरिकेच्या पर्यावरण संरक्षण संस्थेची, म्हणजे ईपीएची, १९९७ सालची एक पुस्तिका आहे. घरातले डक्ट साफ करून घ्यावेत का, एवढाच तिचा विषय. ती वाचून माझी बरीच समजूत बदलली. डक्ट साफ केल्याने आजार टळतात हे कधी सिद्ध झालेलं नाही, असं त्यात स्पष्ट लिहिलंय. ठरावीक काळाने उगीच साफ करत राहू नका. आत डोळ्यांना दिसेल अशी बुरशी असेल, उंदीर किंवा किडे शिरले असतील, किंवा डक्ट कचऱ्याने इतके भरले असतील की तो खोलीत येऊन पडतोय, तरच करा. रिटर्नच्या जाळीवर धूळ दिसणं स्वाभाविक आहे, कारण खोलीतली हवा तिथूनच खेचली जाते. तेवढ्यावरून डक्ट घाण झालेत असं होत नाही. आणि सफाई चुकीची झाली तर आत चिकटून गप्प बसलेली धूळ उलट घरभर पसरते. डागांबद्दलही त्यात आहे: नुसतं बघून बुरशी म्हणता येत नाही, चिकटपट्टीवर नमुना घेऊन प्रयोगशाळेत तपासता येतो. हे आधी वाचलं असतं तर त्या फोटोने माझ्या छातीत धस्स झालं नसतं.

दुसरी सर्व्हिस शोधताना मी पाच-सहा ठिकाणी फोन केले आणि सगळीकडे एकच प्रश्न विचारला: आधी येऊन बघाल का? बहुतेकांनी 'बघायचं काय त्यात' म्हणून थेट तारीख मागितली. एका ठिकाणी मात्र उलट मलाच प्रश्न सुरू झाले. मशीन किती जुनं, फिल्टर शेवटचा कधी बदलला, वास एसी सुरू करताना येतो की बंद करताना, घरात कुणाला श्वासाचा त्रास आहे का, अलीकडे काही तोडफोड किंवा रंगकाम झालं का. तिथेच माझं अर्धं मत झालं.

बघायला आलेल्या गृहस्थांनी सप्लायच्या ग्रीलना हातही लावला नाही. आधी त्यांनी मशीनचं झाकण उघडलं. फिल्टर त्याच्या चौकटीत नीट बसत नव्हता, एका बाजूने बोटभर फट होती आणि हवा फिल्टरला वळसा घालून थेट आत जात होती. ब्लोअरच्या, म्हणजे हवा ढकलणाऱ्या पंख्याच्या, पात्यांवर लोकरीसारखी धूळ जमली होती. हवा गार करणाऱ्या कॉइलखालच्या ट्रेमध्ये पाणी साचून शेवाळलं होतं, कुबट वास तिथून येत होता. मग रिटर्नच्या डक्टमध्ये कॅमेरा सोडून मला पडद्यावर दाखवलं: फॉल्स सीलिंगच्या वर एक जोड निखळला होता आणि तिथली सगळी जुनी धूळ एसी ओढून घेत होता. त्यांचं वाक्य मला तसंच आठवतंय. "ताई, हे आधी बंद करा. नाहीतर मी आज साफ करीन आणि उद्या परत भरेल."

म्हणूनच विश्वासू सर्व्हिस कोणती, असं आज कुणी विचारलं तर माझं उत्तर पक्कं आहे. धूळ येते कुठून, हे जो आधी शोधतो तो. मशीन, प्रमाणपत्र, बोलणं या सगळ्याचा विचार त्याच्यानंतर. प्रमाणपत्रही मी पाहिलं, नाही असं नाही. नाडका ही डक्ट साफ करणाऱ्यांची १९८९ पासूनची संघटना आहे आणि ती परीक्षा घेऊन प्रमाणपत्र देते. ईपीए मात्र कुणालाच प्रमाणपत्र देत नाही, त्यामुळे 'आम्ही ईपीए-मान्य आहोत' असं कुणी म्हणालं तर फोन ठेवून द्यावा.

प्रत्यक्ष कामाला दोन माणसांना जवळजवळ सहा तास लागले. मुख्य डक्टला त्यांनी मोठं व्हॅक्यूम जोडलं आणि सगळी ग्रील प्लॅस्टिकने बंद केली. मग एकेक ग्रील उघडून दाबाची हवा सोडणारी, आत सापासारखी वळवळणारी नळी घातली. आतली धूळ सुटते आणि मोठ्या व्हॅक्यूमकडे खेचली जाते, खोलीत येत नाही. व्हॅक्यूमची हवा घरातच सुटत असेल तर त्याला हेपा फिल्टर, म्हणजे अगदी बारीक धूळही अडवणारा फिल्टर, हवाच, हे मी आधीच विचारून घेतलं होतं. पत्र्याच्या भागात ब्रश फिरवला. शेवटच्या फ्लेक्स डक्टना कडक ब्रश लावला नाही, आतलं पातळ अस्तर फाटतं म्हणून. तिथे फक्त हवा. ब्लोअर बाहेर काढून धुतला, कॉइल आणि ट्रे साफ केले, तुंबलेली ड्रेनची नळी मोकळी केली. डक्टला पाडलेली भोकं पत्र्याची झाकणं लावून सीलंटने बंद केली. निखळलेला जोड मॅस्टिकने, म्हणजे डक्टचे सांधे बुजवायच्या लेपाने, सांधला. साध्या कापडी टेपवर भागवू का, असं मीच विचारलं होतं, तर ती काही दिवसांत सुटते म्हणून त्यांनी नकार दिला. फवारणीचा विषय त्यांनी काढलाच नाही. मी काढला तेव्हा म्हणाले, ओल गेली की औषधाची गरज उरत नाही.

तक्रारीही आहेत. सांगितलेल्या वेळेपेक्षा दोन तास उशिरा आले आणि कळवलं नाही. पहिले दोन दिवस खोल्यांत बारीक धूळ उतरत होती, आईला त्या काळात माझ्या बहिणीकडे ठेवलं होतं म्हणून निभावलं. घरात दम्याचा माणूस असेल तर ही सोय आधीच करून ठेवा. एका झाकणाचा स्क्रू सैल राहिल्याने रात्री पत्रा वाजायचा. फोन केल्यावर तिसऱ्या दिवशी येऊन नीट करून गेले, जास्तीचे पैसे मागितले नाहीत.

आता नऊ महिन्यांनंतरचं. कुबट वास पूर्ण गेला, पावसाळ्यातही आला नाही. टेबलावरची धूळ खूप कमी झाली, पण माझ्या मते याचं श्रेय सफाईपेक्षा त्या सांधलेल्या जोडाला आणि घट्ट बसवलेल्या फिल्टरला जास्त आहे. शेवटच्या खोलीत हवा पूर्वीपेक्षा जोरात येते. आईच्या दम्यात फरक पडला का, तर प्रामाणिकपणे, मला सांगता येणार नाही. या हिवाळ्यात तिला त्रास कमी झाला, पण डॉक्टरांनी त्याच सुमारास औषधही बदललं होतं. डक्ट साफ करून दमा बरा होतो असं कुणी सांगत असेल तर त्याला काम देऊ नका.

फिल्टर मी आता दर महिन्याला उजेडात धरून बघते, साधारण तिसऱ्या महिन्याला बदलावा लागतो. जास्त बारीक फिल्टर लावावा असं मनात होतं, पण आमच्या ब्लोअरला तो झेपणार नाही, हवा कोंडेल, असं त्यांनीच सांगितलं. त्यामुळे मर्व्ह ८ वरच थांबले (मर्व्ह म्हणजे फिल्टर किती बारीक धूळ अडवतो त्याचा आकडा).

गेल्या रविवारी आईच्या खोलीतलं ग्रील काढून त्यांनी दिलेल्या 'नंतरच्या' फोटोशी ताडून पाहिलं. तळाशी पातळ करडा थर आहे, बाकी पत्रा दिसतो. साफ करायला मी इतक्यात कुणाला बोलावणार नाही.